क्रेडिट कार्डाचे पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजच्या (खाण्या-बसण्याच्या खोलीच्या) फुकट फेऱ्या ३१ मार्चला संपतायत, पूर्ण वसूल कसे करू?

तुमच्या प्रश्नातला 'वसूल' हा शब्द वाचला आणि आमचे थोरले साडू डोळ्यांसमोर उभे राहिले. म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चअखेर, नागपूरला भाचीचं लग्न. आम्ही दोघं आणि साडूंचं कुटुंब, एकाच विमानाने पुण्याहून. आदल्या रात्री बायको दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधत होती, तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, डबे कसले बांधताय? दोघांकडे कार्डं आहेत, लाउंजमध्ये आडवा हात मारू. तिमाही संपतेय, फेऱ्या फुकट जातील." दशम्या ओट्यावरच राहिल्या.

लोहगावला दोन तास आधी पोचलो. साडूंनी कार्ड दिलं, मशीनवर दोन रुपये कापले गेले, ते आत. माझं कार्ड दोनदा घासून काउंटरवरच्या मुलीने परत केलं. "सर, एलिजिबल नाही दाखवतंय." मागे रांग, बायको शेजारी. साडू आतून मान वळवून म्हणाले, "मागच्या तिमाहीचा खर्च बघायचा असतो हो, साडूभाऊ!" बँकेने नियम बदलला होता आणि तो मेल मी न वाचताच उडवला होता. माझीच चूक. बाहेर दोन सँडविच आणि दोन चहा घेतले, ७८० रुपये. अर्ध्या तासाने साडू बाहेर आले आणि कागदी रुमालात गुंडाळलेला एक मेदूवडा माझ्या हातात ठेवला. सगळ्यांसमोर. तो मी खाल्लासुद्धा.

तर लाउंजचं एवढंच, की बऱ्याच कार्डांवर जानेवारी ते मार्चमध्ये केलेला खर्च एप्रिल ते जूनच्या फेऱ्यांसाठी धरतात. आता मार्चमध्ये कार्ड घासून मार्चची फेरी मिळणार नाही. उरलेल्या फेऱ्या पुढे सरकत नाहीत. प्रवास नसेल तर सोडून द्या.

पॉइंटांचं मात्र आजच उरका. कोणते पॉइंट कधी संपतात ते ॲपमध्ये दिसतं. कॅटलॉगमधल्या सुटकेस आणि हँड ब्लेंडरकडे बघूही नका, भाव बाजारापेक्षा चढा लावलेला असतो. माझ्या १२,४०० पॉइंटांचे व्हाउचर घेतले तर २५ पैशांनी ३,१०० रुपये होत होते. बिलात वळते केले असते तर २० पैशांनीच. ९९ रुपये आणि वर जीएसटी हे रिडेम्प्शनचे, म्हणजे पॉइंट वटवण्याचे, वेगळे गेले, त्यामुळे थोडे थोडे वळवू नका, एकदाच काय ते करा. व्हाउचर घ्यायचं तर जिथे महिन्याचा किराणा भरता तिथलंच घ्या. पॉइंट मरत असले तरी व्हाउचरची मुदत नव्याने सुरू होते, तेवढा वेळ हातात येतो. कपड्यांच्या दुकानाचं घेतलंत तर ५०० च्या व्हाउचरसाठी १,८०० चा शर्ट घेऊन याल. मी आणलाय, अजून घडीही मोडलेली नाही.

आता मूळ मुद्दा. लाउंजसाठी लागणारा तिमाहीच्या खर्चाचा आकडा गाठायला साडूंनी दिवाळीत ५० हजारांचा टीव्ही घेतला होता, हे मला लग्नाच्या मांडवात कळलं, मेहुणीकडून. नोव्हेंबरपासून फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरणं चालू होतं. महिना साडेतीन टक्के धरा: १,७५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. म्हणजे दरमहा २,०६५. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे त्यांच्या दूध-भाजीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. आणि हा माणूस मला हिशेब शिकवत होता! घरात अजून सगळे म्हणतात, "त्यांच्याकडून शिका जरा." काय शिकू?

कार्डाचं वर्षही संपत आलं असेल तर फी लागायच्या आधी फोन करून ती माफ करायला सांगा. बंदच करा म्हटलं की बऱ्याचदा ऐकतात. नाही ऐकलं तर खरंच बंद करा, पण आधी पॉइंट काढून घ्या. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे.

एक राहिलं. महिन्यातून चार वेळा विमानाने फिरत असाल आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल, तर लाउंजबद्दल साडूंचंच बरोबर आहे, माझं ऐकू नका. दर आणि आकडे मी आमच्या कार्डांचे दिलेत, तुमचे ॲपमध्ये बघून घ्या.

साडू हे वाचतील, कारण ही लिंक मीच मेहुणीला पाठवणार आहे. साडूभाऊ, वडा गार होता.