धुरा किती मीटर? आधी साखळी कोणती ते पाहा

प्रश्न : आजोबांच्या कागदात आमचं वावर १२ साखळ्या ३५ कड्या लांब, ८ साखळ्या रुंद आणि क्षेत्र ९.८८ एकर असं लिहिलेलं आहे. यंदाच्या मोजणीत लांबीकडचा धुरा (बांध) २४८.२ मीटर भरला. साताऱ्याकडच्या जावयानं हिशेब केला तर १२४ मीटर निघाले. शेजारी म्हणतो, तुमचा कागदच खोटा. खरं काय धरायचं?
(आर्वी तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : भाऊ, कागद खरा आहे आणि जावयाचा गुणाकारही बरोबर आहे. फक्त साखळी त्यांच्या मुलखातली आहे. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी चाले, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडातही मोजणी त्याच वळणाची झाली. तुमच्या कागदात आणे नाहीत, कड्या आहेत. म्हणजे ती ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी. माझ्यावर विश्वास ठेवू नका, क्षेत्र ताडून पाहा. ६६ फुटी साखळीत १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. १२.३५ गुणिले ८, भागिले १०, उत्तर ९.८८. अगदी कागदावरचंच. जावयाच्या साखळीला एकरामागे ४० चौरस साखळ्या लागतात, म्हणजे तुमचं वावर अडीच एकरांवर येईल. ते तुमच्या घरात कोणाला पटणार?

आता मीटर. १९५९ पासून फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, तेव्हा साखळी २०.११६८ मीटरची. तुमचा धुरा २४८.४४ मीटर. मोबाइल पुढे आणखी आकडे दाखवेल, ते सोडून द्या. ज्यानं ३५ कड्या लिहिल्या त्यानं जवळच्या कडीपर्यंतच वाचलं असणार, आणि एक कडी म्हणजे २० सेंटिमीटर. मिलिमीटर त्या कागदात कधी नव्हतेच.

राहिला २४ सेंटिमीटरचा फरक. नोकरीत मी पुष्कळ साखळी ओढली आहे. एक जण मागचं टोक धरतो, दुसरा पुढे जाऊन ताण देतो आणि सळई रोवतो. तुमच्या धुऱ्यावर हे तेरा वेळा. वावर उताराचं असलं की साखळी जमिनीलगत जाते आणि आकडा जास्त भरतो. आजचं यंत्र मात्र आडवं अंतर देतं. शंभर फुटांत साडेचार फूट उतार असला, तर एवढ्यानंच तुमचे २४ सेंटिमीटर निघून जातात. उलट, कड्यांच्या रिंगा झिजून साखळी लांबली असली की आकडा कमी भरतो. उन्हाचंही तसंच. २० अंश तापमान वाढलं की शंभर फूट पोलाद सुमारे ७ मिलिमीटर वाढतं. इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती पहिली रेषा) मोजली तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, शेजारी तापमापक लावून मोजली होती. हाच लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. तुमच्या आजोबांच्या धुऱ्यावर कोण कशाला तापमापक आणतो!

त्यामुळे शेजाऱ्याशी वितीएवढ्या फरकावर कोर्टात जाऊ नका. दोघांनी मिळून जुना हद्दीचा दगड सापडतो का ते पाहा. दगड सापडला तर माझ्या गुणाकारापेक्षा त्याची साक्ष मोठी.

प्रश्न : सासरे म्हणायचे, विहीर २२ हात खोल आहे. मोटारीचा पाइप किती मीटर घेऊ?
(एक शेतकरी भगिनी, समुद्रपूर तालुका)

उत्तर : ताई, हिशेबात हात दीड फुटाचा धरतात, म्हणजे ३३ फूट, साधारण १० मीटर. पण हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तो ज्याचा त्याचा. एका हातामागे एक इंच इकडेतिकडे झाला तरी २२ हातांत जवळजवळ दोन फूट जातात. शिवाय सासऱ्यांनी मोजल्यापासून तळाशी गाळ किती बसला असेल! दोरीला दगड बांधून सोडा, काठाशी गाठ मारा, वर ओढून टेपानं मोजा. पाइप त्यानंतर घ्या.