खाऱ्या पाण्यात वापरलेलं फिशिंग रील खरखरतंय. बेअरिंगं घरी साफ करता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किनाऱ्यावरून गरवायला वापरलेलं ४००० साइझचं स्पिनिंग रील खरखर वाजतंय. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे मारला की दोन दिवस गप्प बसतं, मग पुन्हा तेच. बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली तर चालेल का, की बदलावीच लागतील?

घरी धुता येतात आणि वेळेत हात घातला तर बहुतेक वाचतातही. पण नुसत्या रॉकेलने काम होणार नाही. आत अडकलंय ते मीठ आहे आणि मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. पेट्रोल, ॲसिटोन, डब्ल्यूडी-४० यांच्यातही नाही. त्याला पाणीच लागतं. रील दुरुस्तीचे बरेच व्हिडिओ ही पायरी गाळतात, म्हणून आधी हेच सांगतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंब आत शिरतो, पाणी उडून जातं, क्षार मात्र जुन्या ग्रीसमध्ये कालवले जाऊन बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्यांच्या मध्ये बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि किनारपट्टीवर ओलावा बारमाही असतो. त्यामुळे रील कपाटात पडून असतानाही आतला गंज थांबत नाही. वरून स्प्रे मारला की जुनं ग्रीस पातळ होतं, थोडा वेळ गोळ्या त्यावर तरंगतात, आवाज बंद होतो. मग ते पातळ ग्रीस निथळून जातं आणि मीठ तिथंच उरतं, आता त्याच्यावर ग्रीसचं पांघरूणही नसतं. तुमचं 'दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच' हे त्याचंच लक्षण आहे. डब्ल्यूडी-४० १९५३ साली अमेरिकेत तयार झालं ते धातूवरचा ओलावा हटवून गंज रोखण्यासाठी. त्या कामाला ते चांगलंच आहे, पण बेअरिंगमध्ये टिकून राहणारं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आता, वाजतंय नेमकं काय ते शोधा. दोरा न ओढता नुसतं हँडल हळू फिरवा. असं फिरवताना रील मऊ चालत असेल आणि ताणाखाली दोरा गुंडाळतानाच कुरकुर येत असेल, तर दोष लाइन रोलरचा, म्हणजे दोरा वळवणाऱ्या छोट्या फिरकीचा. दोऱ्याशिवायही खरखर असेल, तर ती कितीदा येते ते बोटांना जाणवू द्या. हँडलच्या एका फेऱ्यात एकदाच अडखळत असेल तर मोठा गिअर किंवा त्याच्या दोन बाजूंची बेअरिंगं. सलग, बारीक वाळू दळल्यासारखी थरथर असेल तर संशय पिनियनच्या (मोठ्या गिअरला जुळलेल्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगवर, कारण हँडल एकदा फिरतं तेव्हा रोटर (दोरा गुंडाळत फिरणारा पुढचा भाग) आणि पिनियन पाचेक वेळा फिरतात. थरथर फक्त नॉबवर (हँडलच्या टोकाच्या मुठीवर) जाणवली तर नॉबमधलं छोटं बेअरिंग पाहा.

माझा पहिला संशय नेहमी लाइन रोलरवर असतो. बेलच्या (दोरा अडकवणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाशी जिथे दोरा वळण घेऊन स्पूलवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या रिळावर, येतो, तिथली ती छोटी फिरकी. तिच्या आत बहुतेक रिलांत ४ मिमी आतला व्यास, ७ मिमी बाहेरचा आणि अडीच मिमी जाडी एवढंसं बेअरिंग असतं. तुमच्या साइझच्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात पाऊण-एक मीटर ओला दोरा त्याच्यावरून जातो. संध्याकाळभर कास्टिंग केलं तर किती मीटर खारं पाणी त्याच्यावर पिळलं गेलं याचा हिशेब करा. ब्रेड (विणलेली दोरी) वापरत असाल तर आणखीच, कारण तिच्या विणीत पाणी भरून येतं. हे बेअरिंग जाम झालं की रोलर फिरायचा थांबतो आणि दोरा एकाच जागी घासू लागतो. जिताडा किंवा तांब लागलेली असताना दोरा तिथेच तुटतो आणि दोष गाठीवर ढकलला जातो. म्हणून आज एकच बेअरिंग उघडायचं असेल तर हे उघडा. एका स्क्रूचं काम आहे.

उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेले भाग पांढऱ्या कापडावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा. कागदासारख्या पातळ वॉशर असतात त्या विसरू नका, त्यांची जागा बदलली तरी रील जड चालतं. बेअरिंगच्या तोंडावर पत्र्याचं झाकण असेल तर त्याच्या कडेला केसासारख्या तारेची क्लिप बसवलेली दिसते का ते भिंगातून पाहा. असेल तर सुईने तिचं एक टोक उचला, पण हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, नाहीतर ती उडेल आणि सापडणार नाही. रबराचं सील असेल तर सुई आतल्या कडेने घाला, अलगद निघतं. काही झाकणं कायमची दाबून बसवलेली असतात. ती उचकटू नका, झाकणासकट जास्त वेळ भिजवा.

काचेच्या छोट्या बाटलीत रॉकेल किंवा टर्पेंटाइन घ्या, त्यात बेअरिंग दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मधूनमधून हलवा. ग्रीस सुटून द्रव चहासारखा होतो. तो गाळून पुन्हा वापरू नका, नवीन घ्या. ग्रीस गेलं की मगच मीठ उघडं पडतं. आता बोटाला सोसवेल इतकं गरम गोडं पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि बाटली चांगली हलवायची. पाणी दोन-तीनदा बदला, शेवटचं बिनसाबणाचं. लोखंडी वस्तू पाण्यात घालायला मन धजत नाही, पण ही पायरी टाळलीत तर बाकीचं सगळं वाया गेलं.

पाणी आत राहू द्यायचं नाही, म्हणून लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा खळबळून घ्या. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात पाणीच ३० टक्के. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचं आणा. ॲसिटोनही चालतं, पण रबरी सील, प्लास्टिकचा नॉब आणि रीलचा रंग यांना ते खातं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंधी द्रव्यं असतात. हे सगळे द्रव पेट घेणारे आहेत. गॅसजवळ किंवा देवघरातल्या निरांजनाजवळ बसून हे काम करू नका. खिडकी उघडी ठेवा.

मग हवेच्या पंपाने किंवा हेअर ड्रायरने सुकवा. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली धरून बेअरिंग गरागरा फिरवायचा मोह आवरा. कोरड्या गोळ्या त्या वेगाला घासतात आणि सुधारत आलेलं बेअरिंग तिथेच खराब होतं.

आता खरी पारख. बेअरिंग टूथपिकवर बसवा आणि टिचकी मारून फिरवण्याऐवजी बाहेरची रिंग बोटाने किंचित बाजूला दाबून अगदी हळू फिरवा. जोरात फिरवलेलं खराब बेअरिंगही भिरभिरतं आणि फसवतं. सावकाश फिरवताना दर फेऱ्यात एकाच जागी बारीकसं अडकलं तर तिथे खड्डा पडलाय. भिंगातून पाहिलंत तर गोळ्या धावतात त्या चकचकीत पट्ट्यावर काळपट ठिपका दिसेल. तो कुठल्याही द्रवाने जात नाही, ते बेअरिंग टाका. नुसताच किणकिण आवाज येत असेल तर घाबरू नका, वंगण नसलेलं चांगलं बेअरिंग वाजतंच. एक थेंब तेल टाकून पुन्हा पाहा.

वंगण त्याच बैठकीत घाला. ग्रीस काढलेलं उघडं पोलाद दमट हवेत रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसू शकते. 'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' हे रिलांच्या बेअरिंगना पूर्णपणे लागू नाही. ४४० सी हे बेअरिंगसाठी नेहमी वापरलं जाणारं पोलाद टणक असतं, त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं, तरी खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला टोचून खड्डे पाडतो.

कुठे तेल आणि कुठे ग्रीस याबद्दल माझं मत ठाम आहे. गिअरच्या आणि पिनियनच्या बेअरिंगमध्ये पाण्याने न धुपणारं मरीन ग्रीस गच्च भरा. गॅरेजमधलं एपी-३ ग्रीस नडीला चालेल, पण छोट्या रीलला ते घट्ट पडतं आणि हँडल जड लागतं. लाइन रोलरमध्ये बरेच जण तेल घालतात. मी किनाऱ्यावरच्या रीलमध्ये तिथेही मऊ ग्रीसच भरतो. रोलर थोडा कमी मोकळा फिरेल, पण पाणी आत घुसायला जागा राहत नाही. बेटकास्टर (कास्ट करताना ज्याचा स्पूल स्वतःच फिरतो ते रील) असेल तर उलट, त्याच्या स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर कास्ट आखूड पडतो. शिवणयंत्राचं तेल तिथे चालतं, फक्त ते लवकर उडतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. खोबरेल तेल मात्र अजिबात नको. ते जुनं होऊन आंबतं आणि २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे थंडीतल्या पहाटे रील आखडणारच.

दोन जागांना हे नियम लावू नका. हँडल उलटं फिरू न देणारं वन-वे क्लच म्हणजे दांड्यांचं बेअरिंग. त्यात ग्रीस गेलं की दांडे घसरतात आणि मासा ओढत असताना हँडल मागे फिरतं. त्याला अल्कोहोलने पुसून अगदी पातळ तेलाचा नुसता हात लावायचा. दुसरं, दाइवाचं मॅगसील्ड रील असेल तर ती सीलबंद जागा उघडू नका, धुऊ नका, तेलही घालू नका. तिथे चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल असतं, ते गेलं की घरी परत भरता येत नाही.

गरवून आल्यावर ड्रॅग (मासा ओढताना दोरा सोडणारा ब्रेक) घट्ट आवळून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, रोलर बोटाने फिरवत धुवा, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. बादलीत बुडवू नका आणि पाइपचा जोरदार फवारा तर नकोच, तो बाहेरचं मीठ आत ढकलतो. रोलर महिन्यातून एकदा उघडायचा. पूर्ण रील वर्षातून एकदा, जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो तेव्हा. पावसाळाभर न धुता ठेवलेलं रील ऑगस्टमध्ये काढाल तर ती बेअरिंगं बहुधा बदलावीच लागतील.

बदलायची वेळ आलीच तर कंपनीच्या सुट्या भागांसाठी थांबायची गरज नाही. जुनं बेअरिंग व्हर्नियरने मोजा. लाइन रोलरचं ४ × ७ × २.५ भरलं तर दुकानात एसएमआर ७४ मागा. सुरुवातीचा एस म्हणजे स्टेनलेस. शेवटी झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं, २आरएस असेल तर रबराची सीलं. रोलरसाठी रबराचंच घ्या. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत, सोबत जुना तुकडा न्या. पाकिटावरच्या एबीईसी आकड्याला जास्त पैसे मोजू नका, तो मापातली अचूकता सांगतो, गंजाबद्दल काहीच नाही. सिरॅमिक गोळ्यांच्या बेअरिंगच्याही रिंगा बहुतेक पोलादाच्याच असतात, म्हणजे त्याही गंजतात. आणि नवीन बेअरिंग आणलंत तरी बसवण्याआधी त्यात ग्रीस भरा, कारखान्यातून येतं ते बऱ्याचदा पातळ तेलाच्या हातावरच येतं.