हाँगकाँगच्या मेट्रोतला ‘मत्’

प्रश्न असा आहे: हाँगकाँगच्या मेट्रोत दारं लागताना ‘छिंग् मत् खाउ कन् छे मुन्’ ऐकू येतं. त्यातला ‘मत्’ म्हणजे ‘नको’ ना? मग मित्राशी बोलताना वापरला तर त्याला तो ‘काय?’ असा का ऐकू आला?

‘मत्’ म्हणजे मनाईच. पण आपल्या ‘नको’पेक्षा तो ‘नये’च्या जवळचा: ‘कृपया डब्याच्या दारांजवळ जाऊ नये.’ आपणही पाटीवर ‘येथे वाहने उभी करू नयेत’ लिहितो आणि शेजाऱ्यांना मात्र ‘अहो, इथे गाडी नका लावू’ म्हणतो. कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगमधली चिनी भाषा, बोलणारा माणूस घरीदारी ‘म् होउ’ म्हणतो, शब्दशः ‘चांगलं नाही’. आणखी तुटक हवं असेल तर ‘मइ’.

कँटोनीजमध्ये पाटी आणि बोलणं यांतलं हे अंतर आपल्यापेक्षा पुष्कळ मोठं. धूम्रपानबंदीच्या पाटीवर असतं ‘छिंग् मत् खप् यिन्’. तेच तोंडी सांगताना होतं ‘म् होउ सिक् यिन्’. मनाईचा शब्द बदलला, क्रियापदही बदललं. ‘खप्’ म्हणजे ओढणं, ‘सिक्’ म्हणजे खाणं. बोलताना तिथे धूर खातात! मला हे फार आवडतं.

‘मत्’ आला अभिजात चिनीतून. ‘स्वतःला नको ते दुसऱ्यावर लादू नये’ हे कन्फ्यूशियसचं प्रसिद्ध वचन कँटोनीज उच्चारात वाचलं, तर उत्तरार्ध ‘मत् सी यू यन्’ असा होतो. गंमत म्हणजे मेट्रोतल्या मँडरिन (प्रमाण चिनी) उद्घोषणेत रोजच्या बोलण्यातलं ‘बू याओ’ आहे. जुना शब्द टिकला तो कँटोनीज उद्घोषणेत.

आता मित्राचा घोटाळा. ‘काय’ला बोली शब्दही ‘मत्’च, पण उंच सुरात. मनाईचा ‘मत्’ खालच्या सुरात, सपाट. दोन्हींत ‘त्’ला जीभ दातांमागे टेकवून तिथेच थांबवायची, हवा सोडायची नाही. तुमचा सूर वर गेला असणार. हिंदीतल्या ‘मत करो’शी याचं काही नातं नाही, पण अर्थ लक्षात ठेवायला तो योगायोग कामाचा आहे.

तेव्हा दारावर सूचना लावायची असेल तर ‘छिंग् मत्’ खुशाल लिहा. हॉटेलच्या ‘व्यत्यय आणू नये’ पाटीवरही तेच असतं. बोलताना मात्र ‘म् होउ’. ‘मत्’ सहज तोंडी येतो तो तयार शब्दांत, जसं ‘मत् मॉङ् ङॉ’ हे एका निळ्या फुलाचं नाव: ‘मला विसरू नको’.