अधिहर्षतेत हर्ष कसला?

प्रश्न असा आहे: ‘ॲलर्जीला परिभाषेत अधिहर्षता म्हणतात. शिंकून शिंकून बेजार झालेल्या माणसाला कसला आलाय हर्ष? शिवाय ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असणं. मग सरळ तसाच शब्द का करत नाहीत? की वावडं म्हणावं?’

मधलं वाक्य आधी निकालात काढतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती नको तिथे कामाला लागते. परागकण बिचारा निरुपद्रवी. पण काहींचं शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची प्रतिपिंडं, म्हणजे परक्याला ओळखून धरणारी प्रथिनं, बनवतं आणि ती त्वचेत, नाकात वगैरे असलेल्या मास्ट नावाच्या पेशींना चिकटून बसतात. तोच पराग पुन्हा आला की या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. नाकातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, पाणी गळतं, शिंका सुटतात. अशा माणसाला ‘प्रतिकारशक्ती वाढव’ म्हणणाऱ्यांनी नेमकी कुठली वाढवायची तेही सांगावं.

आता हर्ष. त्याचा अर्थ आनंद, एवढ्यावर थांबणाऱ्यांनी ‘अधिहर्षता’वर विनोद करून झाले आहेत. हृष् धातूचा जुना अर्थ केस उभे राहणं, अंगावर काटा येणं. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ‘रोमहर्षश्च जायते’ म्हणतो तो काय आनंदाने? समोर आप्त उभे, हातातून गांडीव गळतंय! आयुर्वेदातला दंतहर्ष म्हणजे दात आंबणं. थंड किंवा आंबट लागलं की दात शिवशिवतात, तो. म्हणजे हर्ष ही शरीराची प्रतिक्रिया आहे, मग ती सुखाने होवो की भयाने. रोमहर्षक सामना म्हणताना आपण तो अर्थ वापरतो आणि अधिहर्षता दिसली की विसरतो. क्षुल्लक कारणाने शरीर प्रमाणाबाहेर शहारणं, फुलून येणं: पित्ताच्या गांधी उठलेली त्वचा पाहिलेल्या माणसाला याहून नेमका शब्द सुचणार नाही.

आणि खरी मौज पुढे आहे. लॅटिनमधलं ‘हॉरेरे’, म्हणजे केस ताठ उभे राहणं, थरथरणं, हे आपल्या हृष्‌चं सख्खं भावंड. इंग्रजीतला हॉरर त्यातूनच आला. हर्ष आणि हॉरर एकाच मुळाचे! पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ अशी संज्ञा काढली. शरीर स्वतःवरच विष चालवायला बिचकतं, असा तिचा आशय. शरीरात स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, असं तो म्हणत नव्हता. ती अपाय करणार नाहीत अशी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पुढच्या मंडळींनी मात्र ‘असं होतच नाही’ असा अर्थ लावला आणि स्वप्रतिकारक रोगांकडे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं त्या रोगांकडे, १९५०च्या दशकापर्यंत पुरेसं लक्ष गेलं नाही. शरीर ते खुशाल करतं: टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या हातून मारल्या जातात. हॉररचं भाषांतर नुसतं ‘भीती’ करणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण इथेच आहे. ‘आत्मविषहर्ष’ म्हटलं असतं तर संज्ञेतला शहारा मराठीत आला असता. (मास्ट पेशींचं बारसंही याच एर्लिखने १८७८ साली केलं. पेशीतले कण पोषणाचे असावेत असं वाटून त्याने त्यांना ‘पोसलेल्या पेशी’ म्हटलं. आत शिंकांचा दारूगोळा निघाला, नाव तेच राहिलं.)

राहिलं वावडं. शब्द गोड आहे, घरात जरूर वापरा. पण ‘ॲलर्जी म्हणजे तंतोतंत वावडं’ असा शुद्धिवाद्यांचा दावा मला मान्य नाही. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी पडून पोट बिघडतं तेही दुधाचं वावडंच, आणि त्यात प्रतिकारयंत्रणेचा काडीचा संबंध नाही. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. ती जिवावर बेतू शकते. दोन्हींना एकच शब्द लावणारी परिभाषा काय कामाची?

‘अधिहर्षता’वर घ्यायचाच तर एक आक्षेप घेता येतो. क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली ॲलर्जी हा शब्द घडवला तेव्हा त्याला नुसती ‘बदललेली प्रतिक्रिया’ म्हणायचं होतं. एकदा गाठ पडलेल्या पदार्थाशी शरीर पुढच्या वेळी निराळं वागतं, मग त्यातून संरक्षण होवो की अपाय. अधिहर्षतेत फक्त अपाय उरला. पण तो तर ॲलर्जीतही तेवढाच उरलाय.