लो-कार्ब, हाय-फॅट आहाराच्या पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले. ही चरबीच का?

नाही, त्यातलं बरंचसं पाणी आहे. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (कर्बोदकांपासून बनलेल्या राखीव साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. खाण्यातली कर्बोदकं कमी केली की दोन्ही जातात. म्हणून दुसऱ्या आठवड्यात काटा अडला तर घाबरू नका. चरबी हळूहळूच उतरते, तीही एकूण कॅलरी कमी झाल्या तरच. एक ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी असतात, तेव्हा ‘फॅट चालतं’ म्हणून चमच्यावर चमचे तेल ओतू नका. उठताना चक्कर येते ती बहुधा मीठ-पाणी कमी पडल्याने. आणि हे अगदी कळकळीने सांगते: इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. जुन्याच डोसवर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.