चर्चमध्ये एक, घरात दुसरेच

प्रश्न : आमचे हे उपासनेत लांबलचक प्रार्थना करतात, पण घरी आले की भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकलतात अन् मी बोलले की पत्नीने अधीन राहावं हे वचन ऐकवतात. काय करू?
– एक भगिनी, नगर

उत्तर : ताई, ते वचन बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात 5:22 ला (अध्याय 5, वचन 22) आहे, पण तुमचे मिस्टर तिथेच कसे थांबतात बघा, आधी 21 मध्ये एकमेकांच्या अधीन व्हा असं आहे आणि 25 मध्ये तर नवऱ्यालाच सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी) स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर (हे सोयीस्कर विसरतात आपले पुरुष!). आणि पेत्राचं पहिलं पत्र 3:7, बायकोला मान दिला नाही तर प्रार्थनेतच अडथळा येतो, म्हणजे त्या लांब प्रार्थनेचं काय झालं?
राग उतरला की दोघांनी बसून हे वाचा, भांडणात नको. ऐकत नसतील तर पाळक (चर्चचे धर्मगुरू) आणि पाळकबाई दोघांना घरी बोलवा. हात उगारत असतील तर मात्र सहन करणं म्हणजे विश्वास नव्हे, सरळ 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा.