पंथावरची कादंबरी लिहायला घेतलीस, तर हे बघ

भावा, परग्रहावरचा पंथ आणि बंड यावरच्या तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं काल रात्री एका बैठकीत वाचून काढली, रंकाळ्यावर भेटू तेव्हा सविस्तर बोलूच पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. तुझा पंथाचा गुरू पहिल्याच पानावर राक्षस वाटतोय, मग त्याच्या मागं माणसं जातीलच कशाला? आधी त्याला कुणाला तरी जेवू घालू दे, कुणाचं कर्ज फेडू दे, एकट्या पडलेल्या पोराला नावानं हाक मारू दे. बंधनं नंतर येऊ देत, एकेक, हळूच. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात जिम जोन्सच्या पंथाची जोन्सटाऊन ही वसाहत होती, तिथं १९७८ मध्ये ९०० च्या वर माणसं मेली, त्यातली कितीतरी वर्णभेद नसलेलं जग मिळंल म्हणून तिथं आलेली, वाचलं की पोटात कालवतं. आणि पंथात अडाणीच जातात असं अजिबात दाखवू नको, टोकियोच्या मेट्रोत १९९५ ला सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांत डॉक्टर होता, फिजिक्स शिकलेले होते.

बंडाचं म्हणशील तर लेझर गन कमी कर. आपल्या शेजारी सातारा-सांगलीकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, १९४३ पासून, त्यांनी गावोगावी न्यायनिवाडे केले, तुफान सेना उभी केली, ते नीट वाच. तुझ्या त्या ग्रहावरच्या बंडखोरांना भाकरी कोण देतंय, निरोप कोण नेतंय, लपवून कोण ठेवतंय, आणि फितूर झालेला तो माणूस कुणाच्या पोरासाठी फितूर झाला? मला तर तिथंच खरी कादंबरी दिसते.

चौथं प्रकरण कच्चंच पाठव, सुधारत बसू नको.